धाब्याचं घर आणि सासूबाईंचा प्रश्न



गावाकडचं आमचं धाब्याचं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलं आहे. नव्या स्लॅबच्या घराचा नकाशा आला, तेव्हा सासूबाईंनी एकच विचारलं, "स्वयंपाकघरात उजेड कुठून येणार?" खिडकी एकच होती, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. त्या प्रश्नानंतर मी जुनं घर पहिल्यांदा नीट पाहिलं.

आपल्यातली बरीच कुटुंबं मारवाडातून खानदेशात आली ती व्यापारासाठी. १८१८ मध्ये इथे इंग्रजी अंमल आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली आणि व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा दिल्या. १८६० नंतर रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला आणि खेडोपाडी आपली दुकानं थाटली गेली. गावात घर बांधायचं तर इथल्या शेतकऱ्यासारखंच, धाब्याचं. ऊन काही जात-पात बघत नाही.

जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर कड्या, काड्या आणि पाला, वर मातीचा जाड थर आणि शेवटी पाणी अडवणारी खारी माती. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. जाड माती ऊन सावकाश पिते. ते आत पोहोचेस्तोवर संध्याकाळ होते आणि माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावर जातात. आपला पातळ स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो.

या घरात आपल्या बायकांनी धर्म बसवला. चौकाच्या उजेडात धान्य निवडायचं, कारण अळी-किडा दिसला तरच जयणा पाळता येते. परिंड्यावर पाणी गाळायचं, जीवाणी परत विहिरीत सोडायची. चौविहार असल्याने सूर्य मावळायच्या आत चूल विझायची. म्हणजे दिवसाचा उजेड हा घराचा शौक नव्हता, व्रताची गरज होती.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी टाकावी लागे. पावसात गळायचं. वाळवी लागायची. धाब्यावर गवत उगवलं की उपटावं तरी हिंसा, ठेवावं तरी छत खराब. चुलीच्या धुराने सासूबाईंचे डोळे कायमचे चुरचुरू लागले. घर थंड होतं, पण त्या थंडाव्यामागे बाईची कंबर होती.

मग घ्यायचं काय? एक गोष्ट आठवते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या खानदेशात, फैजपूरला झालं. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या तिथल्याच साध्या सामानातून तिथलं टिळकनगर सजवलं. देशभरातून मोठमोठी माणसं आली आणि त्या साध्या मांडवांत बसली. परवडत नव्हतं म्हणून नव्हे, हेच योग्य म्हणून. जवळ मिळेल त्यातून, लागेल तेवढंच. आपण याला अपरिग्रह म्हणतो.

आम्ही मातीचं घर पुन्हा बांधणार नाही. पण नकाशा बदलून घेतला. स्वयंपाकघर पूर्वेला आलं, समोरासमोर दोन खिडक्या आल्या, म्हणजे वारा आरपार जाईल. पश्चिमेची भिंत जाड केली आणि तिकडचा जुना कडुनिंब तोडायचा नाही, असं ठरलं. गच्चीला दर उन्हाळ्यात पांढरा चुना. मधला चौक लहान झाला, पण राहिला. घरमालक म्हणून आमचे हे कुरकुरले, एक खोली कमी झाली ना!

सासूबाईंना नवा नकाशा दाखवला. त्यांनी बोटाने चौक शोधला, मग स्वयंपाकघराची खिडकी. म्हणाल्या, "आता दिवा न लावता जेवण होईल."

तुमच्याकडेही घराचा नकाशा निघाला असेल, तर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला एकदा दाखवा.