अनुबोधपटातील गाणे : माहिती, काळ आणि साक्ष

संगीतावरील अनुबोधपटाचा भारतीय इतिहास सामान्यतः कलावंतांच्या नामावळीच्या स्वरूपात सांगितला जातो. कोणत्या गायकावर कोणी, केव्हा पट केला याची नोंद झाली की तो इतिहास पूर्ण झाला असे मानण्यात येते. या नामावळीतून एक मूलभूत प्रश्न मात्र निसटतो. गाणे ही काळात उलगडणारी आणि समाजाच्या विशिष्ट स्तरात रुजलेली कृती आहे. तिचे चित्रण करताना कॅमेरा नेमके काय टिपतो आणि काय बाजूला ठेवतो, हा तो प्रश्न होय. 'बाला' (1976), 'ध्रुपद' (1982), 'सिद्धेश्वरी' (1989) आणि 'जय भीम कॉम्रेड' (2011) या चार कृतींच्या आधारे या प्रश्नाची बदलती उत्तरे तपासता येतात.

या इतिहासाची पूर्वपीठिका शासकीय आहे. 1943 मध्ये ब्रिटिश सरकारने युद्धकालीन नियमांखाली चित्रगृहांना सरकारी लघुपट दाखवणे सक्तीचे केले. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि सक्तीच्या प्रदर्शनाची व्यवस्था नव्या राष्ट्राच्या कामी आली. या व्यवस्थेने अनुबोधपटाचा एक साचा घडवला. मुख्य चित्रपटाआधी दाखवायचा असल्याने तो आखूड असे. अनेक भाषांत रूपांतर व्हायचे असल्याने त्याचा अर्थ प्रामुख्याने निवेदनात साठवलेला असे. पस्तीस मिलिमीटरच्या हजार फुटांच्या एका रिळात सुमारे अकरा मिनिटे मावतात. एवढ्या अवकाशात रागाचा विस्तार होऊ शकत नाही. त्याचा केवळ परिचय होऊ शकतो.

ही कालमर्यादा संगीताला अपरिचित नव्हती. 1902 मध्ये गौहर जान यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हा ख्याल-ठुमरीला तीनेक मिनिटांच्या तबकडीत बसावे लागले आणि गायकांनी संक्षेपाची एक नवी रीतही शोधली. परंतु तबकडीत संक्षेपाचा निर्णय गाणारी करीत होती. अनुबोधपटात तो निवेदक आणि संकलक करू लागले. गाणे सुरू होते, दोन आवर्तनांनंतर त्याचा आवाज खाली जातो आणि वर निवेदकाचा स्वर चढतो, या परिचित क्लृप्तीत सत्तेची एक वाटणी अंतर्भूत आहे. गाणारा दृष्टांत होतो आणि सिद्धांत सांगण्याचा अधिकार दुसऱ्याकडे राहतो.

सत्यजित राय यांचा 'बाला' हा पट या साच्याच्या सीमेवर उभा आहे. मुंबईचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आणि तामिळनाडू शासन यांच्या सहकार्याने तो निर्माण झाला. तो सुमारे अर्ध्या तासाचा असून निवेदन स्वतः राय यांचे आहे. शालेय वयात कलकत्त्यात त्यांनी बालासरस्वतींचे नृत्य पाहिले होते. प्रत्यक्ष चित्रण झाले तेव्हा बालासरस्वती अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावरील अभिनयाच्या प्रसंगात वारा वस्त्राशी झोंबत राहतो आणि कॅमेरा जवळजवळ तटस्थपणे पाहत राहतो. राय येथे नृत्याचे तुकडे करीत नाहीत. त्या संयमात कलावंताविषयीचा आदर आहे.

हा आदर कोणत्या किमतीवर मिळतो, हेही पाहावे लागते. बालासरस्वती या वीणा धनम्माळ यांच्या नात. हे घराणे देवदासी परंपरेतले. 1947 च्या मद्रास कायद्याने देवदासी-समर्पणावर बंदी घातली. ज्या स्त्रियांनी ही कला शतकानुशतके सांभाळली, त्यांच्या जगण्याला कलंक मानून त्यांची कला तेवढी प्रतिष्ठित वर्गाने उचलली, हा त्या काळातला सांस्कृतिक व्यवहार होता. 'बाला'मध्ये वंशपरंपरेचा गौरव होतो, परंतु या व्यवहाराचा ताण पटाच्या रचनेत उतरत नाही. कलावंत उजळून निघते आणि तिच्या भोवतीचा समाज अंधुक राहतो.

मणी कौल यांनी हा साचा वेगळ्या दिशेने मोडला. विशेष हे की 'ध्रुपद' आणि 'सिद्धेश्वरी' या दोन्ही पटांची निर्मिती फिल्म्स डिव्हिजनचीच होती. कौल स्वतः डागर बंधूंकडे ध्रुपद शिकत होते. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि झिया फरिदुद्दीन डागर यांचे गायन हा 'ध्रुपद'चा विषय आहे, तसाच तो त्याच्या रचनेचा आदर्शही आहे. आलापात स्वर जसा हळूहळू आपली जागा शोधतो, तसा कॅमेरा जयपूरच्या जंतरमंतरच्या दगडी वक्रांवरून सरकतो. येथे प्रतिमा संगीताचे स्पष्टीकरण करीत नाही. ती संगीताच्या काळात वावरायला शिकते. सुमारे सव्वा तासाच्या या पटाने प्रेक्षकाकडून माहितीऐवजी श्रवणाची मागणी केली.

'सिद्धेश्वरी'त या पद्धतीला सामाजिक आशयाची जोड मिळते. 1977 मध्ये दिवंगत झालेल्या सिद्धेश्वरी देवींचे चरित्र येथे कालक्रमाने येत नाही. बनारसच्या गल्ल्या, घाट, मावशीच्या घरातले पोरके बालपण, गाणाऱ्या स्त्रियांचे जग हे सारे ठुमरीतल्या बोलबनावासारखे पुनःपुन्हा नव्या अर्थच्छटेने परतते. मिता वसिष्ठ यांनी सिद्धेश्वरींची भूमिका केली आहे. अखेरीस त्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खऱ्या सिद्धेश्वरींना गाताना पाहतात. नटी आणि गायिका, पुनर्रचना आणि दस्तऐवज समोरासमोर येतात. अनुबोधपट ज्या सत्याचा दावा करतो ते नेहमी कोणाच्या तरी पाहण्यातून आलेले असते, हे येथे युक्तिवादाविना स्पष्ट होते. बालासरस्वतींच्या पटात अंधुक राहिलेला समाज येथे रचनेत शिरतो. तरीही तो स्मृती म्हणून, सौंदर्यात विरघळून येतो. त्याच्याशी विवाद होत नाही.

असा विवाद ज्या पटात झाला, त्याची भूमी मुंबई आहे आणि भाषा बव्हंशी मराठी. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त जमाव रस्त्यावर आला, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेल्या आणि पुढे आपल्याच संघटनेने दूर केलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे फडके बांधले होते. आनंद पटवर्धन यांनी 1985 च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांचे गाणे चित्रित केले होते. या मृत्यूपासून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले आणि तीन तासांहून अधिक लांबीचा 'जय भीम कॉम्रेड' आकाराला आला.

या पटात गाण्याचे कार्य बदलते. सत्यशोधक जलसा आणि त्यातून पुढे आलेला आंबेडकरी जलसा यांची परंपरा पाहिली, तर येथे गाणे हे प्रबोधनाचे, शोकाचे आणि संघटनेचे साधन राहिले आहे. गाणारा आणि ऐकणारा यांत मंचाचे अंतर अल्प असते. पटवर्धन हे गाणे मैफलीतून उचलत नाहीत; ते वस्तीत, जयंतीत, मोर्चात, घराच्या उंबऱ्यावर ऐकतात. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते, या पोलिसांच्या बचावाची पट चित्रफितीच्या आधारे तपासणी करतो आणि लगेच एखादे गाणे येते. पुरावा आणि गीत यांची ही शेजारमांडणी कलात्मक हेतूने केलेली नाही. न्यायालयीन भाषेत जे मावत नाही ते गाण्यात नोंदले जाते, असा तिचा अर्थ आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. अशा पटात गाणे केवळ साक्ष म्हणून वापरले जाते आणि त्याच्या रूपाकडे दुर्लक्ष होते, असे म्हणता येईल. स्वर, लय, शब्दफेक यांची कौलसदृश मीमांसा येथे नाही, हे खरेच. परंतु रूपाचा प्रश्न पट टाळतो असे म्हणणे योग्य होणार नाही. घोगरेंच्या जीवनात लाल आणि निळा यांचा जो संघर्ष होता, तो त्यांच्या गायकीतही होता. वर्गाची भाषा बोलणारे शाहीर जातीचे दुःख कोणत्या शब्दांत गाणार, हा राजकारणाइतकाच काव्यशास्त्राचाही प्रश्न आहे. कबीर कला मंचाच्या तरुण गायकांच्या चित्रणात तो प्रश्न पुढच्या पिढीकडे जातो. शीतल साठे यांचा आवाज ऐकू येतो. पुढे त्या भूमिगत होतात आणि पडद्यावर त्यांची आई बोलते. 2013 मध्ये मंचाच्या कलावंतांनी मुंबईत विधानभवनासमोर स्वतःहून अटक करून घेतली. गाण्याची किंमत गाणाऱ्याला मोजावी लागते, ही गोष्ट पट संपल्यावरही चालू राहिली.

म्हणून या चार पटांकडे प्रगतीच्या पायऱ्या म्हणून पाहण्यात अर्थ नाही. राय यांचा संयम, कौल यांची कालजाणीव आणि पटवर्धन यांचा जबाबदारीचा आग्रह ही ऐकण्याची तीन शिस्तशीर रूपे आहेत आणि प्रत्येकाची एक मर्यादा आहे. मात्र त्यांतून एक सूत्र हाती लागते. देवदासी घराण्यातली नर्तिका, बनारसची ठुमरी गायिका आणि मुंबईच्या झोपडवस्तीतला दलित शाहीर या तिघांनाही समाजाने त्यांच्या कलेपासून तोडून पाहिले. कला हवी आणि कलावंताचे जगणे नको, ही प्रवृत्ती अनुबोधपटाच्या निवेदनप्रधान साच्यात सहज मुरली. तिला ज्या प्रमाणात विरोध झाला, त्या प्रमाणात या प्रकाराला वाङ्मयीन मोल प्राप्त झाले.

'जय भीम कॉम्रेड'चे पहिले प्रदर्शन जानेवारी 2012 मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाले. ज्यांच्यात ते गाणे जन्मले त्यांच्यासमोर ते प्रथम परत गेले. 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले आणि सात दशकांचा संग्रह नव्या व्यवस्थेकडे आला. त्या संग्रहाचे जतन महत्त्वाचे आहेच. परंतु रिळे सुरक्षित राहिल्याने गाणे आपोआप ऐकले जाते असे नाही. संगीतपटाची समीक्षा जोवर केवळ कलावंतांची सूची करीत राहील, तोवर निवेदकाच्या आवाजाखाली दबलेला गाणाऱ्याचा आवाज दबलेलाच राहील.