पहिलीपासून इंग्रजी, आणि बाईंचं काय?

मागच्या शनिवारी चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाटकाला गेलो होतो. दुसरी घंटा झाली होती. शेजारी ऑफिसमधला मित्र बसलेला (वय २६, मूळ गाव लातूरकडचं, शिक्षण गावच्या मराठी शाळेत). त्याने विचारलं, "हे मोरे म्हणजे जुने नट का रे?"

मी म्हटलं, "तू पहिलीत ए फॉर ॲपल म्हणालास ना? जिल्हा परिषदेच्या शाळेत? ते यांच्यामुळे."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली. मध्यंतरात बटाटावडा खाताना थोडं सांगितलं, पण पंधरा मिनिटांत मावण्यासारखा हा विषय नाही. म्हणून आज रविवार सत्कारणी लावतोय.

आधी आमच्या घराचाच इतिहास सांगतो, कारण राज्याचा इतिहासही साधारण तसाच आहे. माझे वडील एबीसीडी शिकले ते आठवीत. मावशी पाचवीत. मीही पाचवीत. आणि धाकटा मावसभाऊ थेट पहिलीत! म्हणजे मुंबई राज्याच्या काळात इंग्रजी वर सरकली होती, मग ती पाचवीवर आली आणि तिथेच बरीच वर्षं मुक्काम करून राहिली. २००० सालच्या जूनमध्ये ती एकदम पहिलीत उतरली. तो निर्णय घेणारे शालेय शिक्षणमंत्री म्हणजे प्रा. रामकृष्ण मोरे. आपल्या पिंपरी-चिंचवडचे, ऐंशीच्या दशकात खेडचे खासदार राहिलेले. चाकण त्याच खेड तालुक्यातलं. २००३ साली ते गेले. आता प्रेक्षागृहाला त्यांचं नाव आहे, आकुर्डीच्या कॉलेजलाही आहे, आणि आपण त्यांना नट समजतो. असो.

त्या वेळी वाद जोरात झाला होता. एक बाजू म्हणायची, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, सहा वर्षांच्या पोराला दोन लिप्या कशाला? दुसरी बाजू म्हणायची, तुमची मुलं कॉन्व्हेंटात आणि आमची मात्र पाचवीपर्यंत थांबणार, हा कुठला न्याय? दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पण आमच्या पट्ट्यात निकाल आधीच लागलेला होता. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज. त्यांच्या मागून मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसं आली. शिफ्टला जाणाऱ्या बापाला रोज दिसायचं, की मशीन चालवणारा मराठी बोलतो आणि मशीनचं मॅन्युअल इंग्रजी बोलतं. सुपरवायझर होतो तो मॅन्युअल वाचणारा. अशा माणसाला 'मातृभाषेतून शिक्षण' या विषयावर व्याख्यान देऊन बघा!

पण वाद 'कधीपासून' यावरच अडकला. 'कोण शिकवणार' आणि 'कशातून' हे दोन प्रश्न मागे राहिले. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात तुम्हाला माहीत आहे: रोलआउट झालं, डॉक्युमेंटेशन नंतर बघू.

तोपर्यंत मराठी माणूस इंग्रजी कशातून शिकत होता? पहिलं नाव अर्थातच तर्खडकर. (दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं १८३६ सालचं व्याकरण वेगळं, ते मराठीचं. मी म्हणतोय ती भाषांतर पाठमाला.) एक मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, मग दुसरं वाक्य. काळ बदला, वचन बदला, पुन्हा करा. या पुस्तकावर कित्येक पिढ्या कारकून, वकील आणि मास्तर झाल्या. माझ्या वडिलांना त्यातली वाक्यं अजून पाठ आहेत. गंमत म्हणजे वडील अर्ज उत्तम लिहितात, पण इंग्रजीत कधी हसलेले मला आठवत नाहीत.

दुसरं नाव रेन अँड मार्टिन. १९३०च्या दशकातलं हे व्याकरण अजून दुकानात मिळतं. यातल्या पी. सी. रेनबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हा माणूस इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये नोकरीला होता, आणि त्याने १९२४ साली 'बो जेस्ट' नावाची, फ्रेंच परदेशी पलटणीतल्या भावांची साहसकथा लिहिली. ती जगभर खपली, तिच्यावर सिनेमेही निघाले. म्हणजे बघा, एकाच माणसाने रात्र जागून वाचावं असं पुस्तकही लिहिलं आणि झोप आणणारंही. आपल्या वाट्याला दुसरं आलं!

तिसरं, रॅपिडेक्स. कपिल देवचा फोटो असलेली जाहिरात आठवते? पुस्तक घेतलं की आपणही कपिलसारखे धडाधड बोलू, असं वाटायचं. आमच्या घरातल्या प्रतीची पहिली वीस पानं मळलेली होती आणि पुढची कोरी. तुमच्याही घरात तसंच असेल, पैज लावतो.

या तिन्ही पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. ती परीक्षेसाठी, नोकरीसाठी किंवा इंटरव्ह्यूसाठी होती. पुढच्या पानावर काय होईल म्हणून कुणी ती उलटली नाहीत.

आता मावशीकडे येतो. ती चाकणजवळ एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होती. मराठी सुरेख शिकवायची. २००० सालच्या मे महिन्यात तिचं काही दिवसांचं प्रशिक्षण झालं, आणि जूनमध्ये बालभारतीचं पहिलीचं नवंकोरं इंग्रजी पुस्तक हातात आलं. पुस्तक चांगलं होतं हो! चित्रं, गाणी, ऐका आणि बोला. पण त्यातच खरी मेख होती. तर्खडकर शिकवायला बाईंना इंग्रजी बोलावं लागत नव्हतं. इथे मात्र पहिल्या दिवसापासून तोंड उघडायचं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ती वर्गाचं दार लावून घेऊन शिकवायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, "अरे, व्हरांड्यातून पालक जातात. माझे उच्चार ऐकले तर काय म्हणतील?"

त्याच साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. नव्या प्राथमिक शिक्षकाने तीन वर्षं मानधनावर काम करायचं, महिना ३००० रुपये. म्हणजे एकाच वर्षी आपण शिक्षकाचं काम वाढवलं आणि नव्या शिक्षकाचा पगार कापला. मोरेंचा हेतू चांगला होता असं मी अजूनही मानतो, पण हा हिशोब मला कधी जुळला नाही.

शिक्षकाच्या बाजूने विचार करणारी माणसं नव्हती असं नाही. पुण्यात सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस नावाची संस्था आहे, १९८४ साली सुरू झालेली. त्यांनी मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'वी लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम केला आणि तो आकाशवाणीवर लागायचा. युक्ती साधी आहे. रेडिओतला आवाज एक वाक्य बोलतो, मग थांबतो, त्या जागेत मुलं उत्तर देतात. सूचना मराठीत. बाईंनी वर्ग सांभाळायचा आणि मुलांबरोबर स्वतःही बोलायचं. केनियात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच पद्धतीने पहिली ते तिसरीच्या मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवली होती. यातला मला आवडणारा भाग म्हणजे बाईंना सगळं येतं असं सोंग करावं लागत नाही. मावशी हा कार्यक्रम लागला की दार उघडं ठेवायची. चूक झाली तर सगळ्यांची मिळून!

२००२ साली मला पहिला पगार मिळाला. मावशीला विचारलं, साडी कुठली घेऊ? म्हणाली, "साडी राहू दे. सोपी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आण. पोरांना, आणि मला पण." मग अप्पा बळवंत चौकात जाऊन नॅशनल बुक ट्रस्टची आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची पंधरा-वीस पुस्तकं आणली. (दोन्ही संस्था १९५७ सालच्या. किमती इतक्या कमी की बिल बघून मलाच लाज वाटली.) आठवड्याने तिचा फोन आला. मला वाटलं, शब्द अडले असतील. तर म्हणते, "अरे, यात शेवटी प्रश्नच नाहीत!"

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. पन्नाशीकडे झुकलेली, आयुष्यभर भाषा शिकवलेली बाई, आणि शेवटी प्रश्न नसलेलं इंग्रजी पुस्तक तिने पहिल्यांदाच हातात धरलं होतं. रात्री वीरकरांची डिक्शनरी घेऊन ती एक गोष्ट वाचायची आणि सकाळी वर्गात सांगायची. तिला स्वतःला पुढे काय होतं हे कळायची घाई असायची, आणि मुलांना ते बरोबर कळायचं.

याला पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. (विचारायलाच पाहिजे, इंजिनिअर आहात!) तर फिजी बेटांवर १९८०-८१ साली वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी एक प्रयोग केला. तिथल्या मुलांचीही इंग्रजी ही घरची भाषा नव्हती. बारा ग्रामीण शाळा घेतल्या. आठ शाळांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली, चार शाळांत जुनीच पद्धत ठेवली. आठ महिन्यांनी पाहिलं तर गोष्टी वाचणाऱ्या मुलांची वाचन आणि ऐकून समजण्यातली प्रगती दुप्पट वेगाने झालेली. वीस महिन्यांनी लिहिण्यातही फरक दिसला. या प्रयोगाला 'पुस्तकांचा पूर' म्हणतात.

आपल्याकडे पूर सोडा, नळालाही पाणी कमी. 'असर'च्या २०२२ सालच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण २५ टक्केच मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली. २०१६ सालीही आकडा जवळपास तोच होता. दरम्यान चाकणला २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, गावोगावी सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी शाळांचे बोर्ड लागले. उलट दिशेनेही एक गोष्ट घडली. निगडीच्या पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ साली संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू केली. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी आणणाऱ्या मंत्र्याच्याच गावात! काहींना हा मोरेंचा पराभव वाटला. मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: शिकवणाऱ्याच्या हातात काय दिलं? मराठीतून अल्गोरिदम शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही पुस्तकं लागतातच की.

चांगली बातमी अशी, की आता पुस्तकं महाग राहिली नाहीत. प्रथम बुक्स २००४ साली सुरू झालं. २०१५पासून त्यांच्या स्टोरीवीव्हरवर हजारो गोष्टी फुकट आहेत, एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही. म्हणजे बाईंनी आधी मराठीत वाचावी, मग इंग्रजीत. तर्खडकरांचंच तंत्र, फक्त गोष्टीच्या मिषाने.

मावशी आता निवृत्त आहे. इंग्रजी अजूनही अडखळत बोलते, पण दार लावून घेत नाही. नातीला झोपताना इंग्रजी गोष्ट वाचून दाखवते आणि नात तिचे उच्चार सुधारते. दोघींचं त्यावर रोज भांडण होतं.

तेव्हा मंडळी, कंपनीच्या सीएसआरमधून शाळेला कॉम्प्युटर द्यायचा बेत असेल तर जरूर द्या. पण त्याबरोबर एक खोकं गोष्टींच्या पुस्तकांचं द्या, आणि त्यातली दोन-चार खास बाईंसाठी म्हणून वेगळी काढून द्या. शेवटी प्रश्न नसलेली.