जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीची पुनर्बांधणी : वारणा खोरे व कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास बहुधा कारखान्याच्या दारात सुरू होतो आणि विक्रीच्या आकड्यांपाशी संपतो. एखादी मोटारसायकल कोणत्या वर्षी बाजारात आली व तिचे उत्पादन केव्हा थांबले, या दोन सनांच्या मध्ये तिचे सारे चरित्र बसविले जाते. या हिशेबाने यामाहा आरएक्स १०० चे आयुष्य १९८५ ते १९९६ असे अवघे अकरा वर्षांचे ठरते. प्रत्यक्षात उत्पादन थांबून पाव शतक उलटल्यावरही ही गाडी कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवरून नाहीशी झालेली नाही. मात्र जी गाडी आज दिसते ती कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी नव्हे. तिचा सिलिंडर पुन्हा पुन्हा कापला गेलेला असतो, क्रँक दाबून पुन्हा बसविलेला असतो, सायलेन्सर दुसऱ्याच कोणाच्या हातचा असतो. मूळचे म्हणावे असे चेसिसवरील क्रमांकाशिवाय फारसे काही उरलेले नसते.

मातीच्या वाटेवर, माळावर आणि चिखलात चालविण्यासाठी घडविलेल्या हलक्या मोटारसायकलीस ‘डर्ट बाइक’ म्हणतात. युरोप, अमेरिका व जपानमध्ये अशी गाडी कारखान्यात जन्मली. भारतात टू-स्ट्रोकच्या भरभराटीच्या काळात ती सर्वसामान्य ग्राहकास दुकानात मिळत नव्हती. ज्यास ती हवी असे त्याने वापरलेली रस्त्यावरची गाडी घ्यावी, पूर्ण उकलावी आणि मेस्त्रीच्या मदतीने पुन्हा उभी करावी, एवढाच मार्ग होता. म्हणून आपल्याकडील डर्ट बाइकचा इतिहास हा मुख्यतः दुरुस्तीचा इतिहास आहे, आणि तो लिहावयाचा तर उत्पादकापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याकडे अधिक पाहावे लागते. प्रस्तुत निबंधात वारणानगर व कोल्हापूर परिसर समोर ठेवून हा विचार मांडला आहे.

द्विघाती इंजिनाची घडण आणि कुळकथा

टू-स्ट्रोक, म्हणजे द्विघाती, इंजिनात पिस्टन एकदा वर व एकदा खाली गेला की शक्तिनिर्मितीचे चक्र पूर्ण होते. चार घातांच्या इंजिनातील व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट व त्यांना फिरविणारी साखळी यांची येथे आवश्यकता नसते. सिलिंडरच्या भिंतीतील झरोके पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. डुगाल्ड क्लर्क या स्कॉटिश अभियंत्याने १८७८ च्या सुमारास द्विघाती चक्राचे इंजिन सिद्ध केले. पुढे जोसेफ डे याने क्रँकच्या पेटीचाच पंपासारखा उपयोग करून ते इतके सुटसुटीत केले की त्यात हलणारे मुख्य भाग तीनच उरले : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. ज्या यंत्रात भाग कमी ते उकलणे सोपे, ही साधी गोष्ट पुढील साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

भारतातील टू-स्ट्रोक गाड्यांची कुळी पाहिली तर ती मध्य युरोपात पोहोचते. जावा हे नावच मुळी जानेचेक व वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून १९२९ मध्ये तयार झाले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून ही गाडी येथे बनविली व १९७३ पासून ती येझदी नावाने विकली. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडमधील एसएचएल एम ११ वर आधारलेली होती. यामाहाची पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, ही डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ च्या नमुन्यावरून घडविली गेली.

मातीच्या शर्यतीतील पराक्रमाचा इतिहासही याच प्रदेशाशी जोडलेला आहे. १९६४ मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेर याने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड या टू-स्ट्रोक गाडीवर २५० सीसी गटातील मोटोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याच सुमारास सायलेन्सरच्या आकारातून इंजिनाची शक्ती वाढविण्याची विद्या पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन याने परिपक्व केली होती. बाहेर पडणाऱ्या वायूची लाट शंकूच्या आकाराच्या नळीतून परत फिरवून ती निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते, असे तिचे तत्त्व आहे. काडेनचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या सुझुकीच्या हाती लागली. दुसऱ्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटातील जागतिक अजिंक्यपद पटकाविले. शीतयुद्धातील हे एक लहानसे पलायन नसते, तर जपानी टू-स्ट्रोक गाड्यांचा पुढील प्रवास कदाचित इतका वेगवान झाला नसता.

टंचाईचा काळ

स्वातंत्र्योत्तर परवाना पद्धतीत दुचाकीचे उत्पादन मर्यादित होते. बजाज स्कूटरसाठी अनेक वर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे आणि वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा अधिक किमतीस विकली जाई. अशा बाजारात जुने यंत्र टाकून देणे कोणास परवडणारे नव्हते. पाश्चात्त्य देशांत गाडीची पुनर्बांधणी हा फावल्या वेळचा छंद होता. आपल्याकडे ती आधी गरज होती, छंद नंतर झाला. हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय येथील मेस्त्रीचे कौशल्य समजत नाही.

१९८० च्या दशकात परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि १०० सीसीच्या जपानी गाड्या आल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा व यामाहा आरएक्स १००, आणि त्यापाठोपाठ कावासाकी बजाज अशी ही मालिका होती. यांपैकी हिरो होंडा तेवढी फोर-स्ट्रोक होती. राजदूत आणि येझदी यांच्यापुढे आरएक्स १०० चे वजन किरकोळ होते, परंतु ९८ सीसीच्या इंजिनातून ती सुमारे ११ अश्वशक्ती देत असे. वजन व शक्ती यांचे हे प्रमाण मातीच्या शर्यतीस अनुकूल होते. पुढे टीव्हीएस-सुझुकीची शोगन आली. आरएक्स व शोगन यांची बदललेली रूपे देशभरच्या मातीच्या शर्यतींत धावू लागली, आणि पुणे व नाशिक ही महाराष्ट्रातील या खेळाची प्रमुख केंद्रे बनली.

ऊस, ऑइल इंजिन आणि मेस्त्री

कोल्हापुरात यंत्र उकलणारे हात मोटारसायकलीच्या आधीपासून तयार होते. १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीत गुळाची पेठ वाढली. गुऱ्हाळाचा चरक आणि नदीचे पाणी वर चढविणारा पंप यांना पुढे ऑइल इंजिनची जोड मिळाली. बाहेरून आलेले इंजिन नादुरुस्त झाले की सुटा भाग यावयास महिनोन्‌महिने लागत. तोपर्यंत ऊस थांबणारा नसे. त्यामुळे मोडलेला भाग येथेच ओतावा व लेथवर कातावा, ही सवय लागली, आणि भाग बनविता बनविता संपूर्ण इंजिन बनविण्यापर्यंत येथील कारागिरांची मजल गेली. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावे या संदर्भात कोल्हापुरात आजही आदराने घेतली जातात. शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली औद्योगिक वसाहत येथील ओतशाळा व यंत्रशाळा हा याच परंपरेचा विस्तार होय. मोटारसायकलीच्या सिलिंडरचे रिबोअरिंग करणारा कारागीर अचानक आकाशातून पडला नाही. तो ऑइल इंजिनच्या कारागिराचा वारस आहे.

पन्हाळा तालुक्यातील वारणानगरला या परंपरेची आणखी एक बाजू दिसते. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखान्याची उभारणी झाली व त्याभोवती दूध संघ, महाविद्यालय, बाजार आणि १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. या साऱ्यांविषयी सहकाराच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. साखर कारखान्याच्या ‘ऑफ सीझन’कडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. गाळप संपले की पावसाळ्याच्या महिन्यांत कारखान्याच्या गिरण्या उकलल्या जातात, रोलर बाहेर काढून त्यांच्या झिजलेल्या खाचा पुन्हा कातल्या जातात, बेअरिंगे तपासली जातात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पुन्हा पेटतो. वर्षातून एकदा अवाढव्य यंत्र पूर्ण सोडवून पुन्हा जोडणे, हे साखर कारखान्यातील फिटरचे नित्यकर्म असते.

या संदर्भात ऋतूंचा एक फरक नमूद करावासा वाटतो. शीत प्रदेशांतील स्वार हिवाळ्यात, बर्फ पडू लागल्यावर, गाडी आडोशाला घेऊन उकलतो व वसंतात जोडून बाहेर काढतो. वारणा खोऱ्यात हिवाळा हा गाळपाचा, ऊसतोडीचा आणि रस्ता भरभरून वाहण्याचा काळ असतो. वाटा कोरड्या असतात, आणि पन्हाळ्याच्या बाजूचे जांभ्याचे माळ गाडी चालविण्यास याच दिवसांत उत्तम. येथे यंत्राची विश्रांती पावसाळ्यात येते. म्हणजे बाहेर जो ‘हिवाळी उद्योग’ मानला जातो, त्याचे येथील स्वाभाविक स्थान आषाढ-श्रावणात आहे.

पुनर्बांधणीची रीत

जुनी टू-स्ट्रोक गाडी हाती आल्यावर पहिले काम सिलिंडर मोजण्याचे असते. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर व स्ट्रोकही ५० मिलिमीटर. पिस्टन व रिंगा घासून सिलिंडर गोल राहत नाही, तो किंचित लंबगोल होतो. मग तो कापून मोठा करावयाचा व त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवावयाचा. ही मापे पाव-पाव मिलिमीटरने चढत जातात : ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर. म्हणजे काटकसरीने कापल्यास एका सिलिंडरला मूळ आयुष्याखेरीज आणखी चार आयुष्ये मिळतात. शेवटच्या मापाला बोअर ५१ मिलिमीटर होतो व ९८ सीसीचे इंजिन १०२ सीसीचे बनते. त्यानंतर नवा स्लीव्ह ठोकून पुन्हा आरंभापासून सुरुवात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील फट दीड-दोन ‘थाऊ’ राखावी लागते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये घडविलेल्या जपानी गाडीचे माप कोल्हापुरी यंत्रशाळेत इंग्रजी हजारांशात सांगितले जाते, ही गोष्ट येथे कोणती यंत्रे आधी आली याची साक्ष देते.

क्रँकचे काम याहून नाजूक. तो दोन चकत्यांत खिळा दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलण्यासाठी तो प्रेसखाली उकलावा लागतो, आणि पुन्हा जोडल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत आहेत की नाही हे डायल गेजवर पाहून तांब्याच्या हातोड्याने हलके ठोके देत तो ‘सेंटर’मध्ये आणावा लागतो. किती जोराने व कोठे ठोकावे, हे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही. त्याबरोबरच दोन्ही बाजूंची ऑइल सीले बदलणे अगत्याचे असते. सील फाटले तर क्रँकच्या पेटीत बाहेरची हवा शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे व त्याबरोबर वंगणाचे प्रमाण घटते, पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरला चिकटतो. पुष्कळ नवशिके दोष कार्ब्युरेटरला देतात आणि जेट बदलत बसतात. अनुभवी मेस्त्री आधी सीलकडे पाहतो.

गाडी मातीसाठी तयार करावयाची तर पुढील कामे वेल्डरच्या दुकानात होतात. चेसिसच्या सांध्यांना पट्ट्या जोडणे, पाय ठेवण्याच्या जागा मजबूत करणे, मागील स्प्रॉकेट मोठे बसविणे, मडगार्ड वर घेणे, खोल गुट्ट्यांचे टायर चढविणे. पत्र्याचे शंकू कापून व जोडून लांबट पोटाचा सायलेन्सर बनविला जातो, तेव्हा काडेनची विद्या, तिचे नाव ठाऊक नसतानाही, येथे उतरलेली असते.

धूर, कायदा आणि नोंद

या यंत्राविषयी लिहिताना गहिवरून जाणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. ज्या साधेपणामुळे टू-स्ट्रोक इंजिन मेस्त्रीला प्रिय झाले, त्याच साधेपणात त्याचा दोष होता. सिलिंडरमध्ये येणारे ताजे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर यांचे झरोके एकाच वेळी उघडे असतात. त्यामुळे पेट्रोलचा मोठा भाग न जळताच निसटतो, शिवाय पेट्रोलमधील वंगण तेल जळून निळसर धूर होतो. १९९१ पासून आलेली, १९९६ व २००० मध्ये कडक झालेली उत्सर्जन मानके या इंजिनाला पेलणे कठीण होते. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आरएक्स १०० त्याच वर्षी थांबली, आणि २००५ च्या सुमारास टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे युग येथे जवळजवळ संपले. शहरांतील हवेची स्थिती पाहता हा निर्णय अन्याय्य म्हणता येत नाही. २०१८ मध्ये जावाचे नाव बाजारात परतले तेव्हा त्यामागचे इंजिन फोर-स्ट्रोक होते.

कायद्याची दुसरी बाजू पुनर्बांधणीस थेट भिडते. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि कलम ५२ अन्वये नोंदणीत लिहिलेल्या मूळ घडणीशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. तेव्हा मातीच्या शर्यतीसाठी बदललेली गाडी ही सार्वजनिक रस्त्यावरची गाडी उरत नाही. ती टेम्पोत घालून मैदानावर न्यावी लागते. मूळ स्वरूप राखून केलेली पुनर्बांधणी आणि शर्यतीसाठी केलेली पुनर्बांधणी या दोन वाटा यामुळे वेगळ्या झाल्या. पहिल्या वाटेवर जुन्या सुट्या भागांच्या किमती चढल्या व हौशी संग्राहक आले. दुसऱ्या वाटेवर परदेशी बनावटीच्या तयार डर्ट बाइक आल्या.

दोन्ही वाटांवर मेस्त्रीचे स्थान आक्रसले आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात इंजिनाची रचना शिकविली जाते, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडणी शिकविली जाते. पण झिजलेल्या यंत्राचे निदान, म्हणजे आवाजावरून बेअरिंग ओळखणे, प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखणे, पिस्टनवरील ओरखड्यांच्या जागेवरून तो का चिकटला हे सांगणे, याला अभ्यासक्रमात अल्प स्थान आहे. कोल्हापूरच्या ओतशाळांचा, सहकाराचा, गुळाच्या पेठेचा इतिहास कागदपत्रांच्या आधारे लिहिता येतो, कारण त्यांनी कागद मागे ठेवले. गॅरेजने ठेवलेले कागद म्हणजे तेलाचे डाग पडलेली मापांची वही : कोणाच्या गाडीचा बोअर कितव्या मापाला आहे, कोणाचा क्रँक केव्हा उकलला, कोणाकडून किती येणे बाकी आहे. अशा वह्या ग्रंथालयात येत नाहीत. मेस्त्रीने दुकान बंद केले की त्या रद्दीत जातात.