बिरबलाची काठी आणि भाच्याचा निकाल

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच शिकला आणि आता त्याला पोलीस व्हायचंय. घरात आधी रामायण झालं, पण पोरगा बधला नाही. लेखी झाली, धावाधावी झाली आणि पाच आठवड्यांपूर्वी त्याची पॉलीग्राफ झाली. आपण पेपरात जिला 'लाय डिटेक्टर' लिहितो, ती चाचणी. तेव्हापासून घर निकालाची वाट बघतंय.

परवा ताईचा फोन आला. "अरे, तू पेपरवाला ना, सांग बघू. खोटं काहीच बोलला नाही तो, मग कळवत का नाहीत?" मागून भाचा म्हणाला, "मामा, कॉलेजात दोनदा गांजा ओढला होता, तेपण सांगितलं. पण सांगताना छाती धडधडत होती. मशीनला काय वाटलं असेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून या मशीनचा इतिहास वाचायला बसलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

हे यंत्र पोलिसांकडे आलं 1921 साली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात. तिथले पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर सुधारक माणूस. कोठडीत बदडून कबुली काढायची पद्धत त्यांना बंद करायची होती. त्यांच्या हाताखाली जॉन लार्सन नावाचा शिपाई होता, शिकलेला, शरीरशास्त्रात पीएचडी. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने रक्तदाबावरून खोटं ओळखायचे प्रयोग केले होते. ते वाचून लार्सनने रक्तदाब आणि श्वास यांची सलग नोंद कागदावर काढणारं यंत्र जुळवलं. पहिल्याच मोठ्या प्रकरणात, मुलींच्या वसतिगृहातल्या चोरीत, ते वापरलं आणि पेपरांनी डोक्यावर घेतलं. (आमची जमात तेव्हाही तशीच!) म्हणजे सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. काठीच्या जागी विज्ञान आणायचं होतं.

पण कोर्टाला ते पटलं नाही. 1923 साली वॉशिंग्टनमध्ये फ्राय नावाच्या आरोपीचा खुनाचा खटला होता. मार्स्टनच्या चाचणीत तो खरं बोलतोय असं निघालं होतं. कोर्टाने तो पुरावा घेतलाच नाही. संबंधित शास्त्राच्या जाणकारांत ही पद्धत अजून सर्वमान्य नाही, असं सांगितलं. खुद्द लार्सनही पुढे आपल्याच यंत्राच्या विरोधात गेला आणि उतारवयापर्यंत त्याच्या गैरवापरावर टीका करत राहिला.

यंत्र मात्र थांबलं नाही. बर्कलीतच तयार झालेल्या लिओनार्ड कीलरने ते सुटसुटीत केलं, विकलं, शिकवलं. गुन्हेगारांसाठी आणलेलं मशीन हळूहळू बँकांत, दुकानांत, कारखान्यांत नोकरदारांना लावलं जाऊ लागलं. तक्रारी इतक्या वाढल्या की 1988 मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला आणि बहुतेक खासगी मालकांना ही चाचणी घ्यायला मनाई झाली.

आता गंमत बघा. त्या कायद्यातून सरकारी नोकऱ्या वगळल्या. म्हणजे दुकानातल्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला सहसा पट्टा बांधता येत नाही, पण पोलिसात जाऊ बघणाऱ्या पोराला बऱ्याच ठिकाणी बांधतात. 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायालयांतली पॉलीग्राफ पुराव्यावरची बंदी योग्य ठरवली. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी जो कागद पुढे करता येत नाही, त्याच जातीच्या कागदावर उमेदवाराची नोकरी अडकते.

मग पोलीस खातं ते वापरतं का? उत्तर आपल्या बिरबलाच्या गोष्टीत आहे. घरात चोरी होते. बिरबल सगळ्या नोकरांना सारखी काठी देतो आणि सांगतो, चोराची काठी रात्रीत बोटभर वाढेल. चोर घाबरून आपली काठी बोटभर कापतो आणि सकाळी सापडतो. काठीत काही नव्हतं, सगळी कमाल भीतीची. पॉलीग्राफचंही बरंचसं काम पट्टे बांधायच्या आधीच होतं. परीक्षक प्रत्येक प्रश्न समोर बसून चघळतो: नशा, चोरी, आधीच्या नोकरीतले घोळ. मशीनला सगळं कळतं या धास्तीने माणूस आपणहून बोलतो. मग छातीपोटाला नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना तारा.

पण बिरबलाच्या गोष्टीत एक माणूस नाही: जो चोर नाही, पण घाबरट आहे. यंत्र धडधड मोजतं. ती खोटेपणाची की नोकरी जाईल या काळजीची, हे कागदावरची रेघ सांगत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने 2002 मध्ये यावर मोठा अहवाल दिला. त्यात एक काल्पनिक हिशेब आहे. 10,000 कर्मचारी, त्यांत 10 हेर. 10 पैकी 8 हेर सापडावेत इतकी कडक चाचणी लावली, तर सुमारे 1,600 जण नापास होतील. त्यातले 8 हेर, बाकी सगळे निर्दोष. आणि उलटंही घडलंय. सीआयएतला आल्ड्रिच एम्स रशियाला गुपितं विकत असताना 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्या पास झाला. पकडला गेला 1994 मध्ये.

आपल्याकडे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की संमतीशिवाय कुणाचीही पॉलीग्राफ किंवा नार्को करता येणार नाही. आपल्या पोलीस भरतीत ती नाहीच. मैदानी 50, लेखी 100, मग वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी. पहाटे हायवेच्या कडेने पळणाऱ्या आपल्या पोरांचेही निकाल रखडतात, घरं तशीच झुरतात. पण यादी लागली की मार्क दिसतात. अर्ध्या मार्काने गेलं तर कुठे गेलं ते कळतं, भांडता येतं.

भाच्याला काय दिसणार? 'खोटेपणा आढळला', 'आढळला नाही' किंवा 'निष्कर्ष नाही'. तेही सांगितलं तर! बऱ्याचदा नुसतं 'निवड झाली नाही' एवढंच येतं. पोलीस नीट पारखून घ्यावा याबद्दल माझं दुमत नाही. हातात बंदूक देणार आहात, शेजारीपाजारी चौकशी करा, जुन्या मालकाला विचारा, कागद तपासा. पण जे नाकारलं त्याचं कारण माणसाला सांगता आलं पाहिजे. एका रेघेवरून पोराला 'खोटारडा' ठरवलं, तर तो शिक्का तो कुठे जाऊन पुसणार?

काल भाच्याला फोन करून एवढंच म्हणालो, "धडधडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ज्याने ते यंत्र जुळवलं, त्यालाही हे शेवटी उमगलं होतं." तो हसला. मग विचारलं, "मामा, पण त्यांना माहितीय का हे?"

निकाल अजून आलेला नाही.

तुमच्या घरी कुणी भरतीच्या यादीची वाट बघत असेल, तर कॉमेंटमध्ये लिहा. किती दिवस झाले, तेही लिहा.