बोर्ड तुमचा, पण फाइल कुणाची? सर्किट बोर्ड सॉफ्टवेअरची चाळीस वर्षं

आजचा भाग आहे पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर. ईगल, अल्टियम, कीकॅड यांतलं कुठलं चांगलं, असं तुम्ही बरेच जण विचारता. मी गेली दहाएक वर्षं ही वापरतोय, नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी. उत्तर देतो, पण आधी थोडा इतिहास ऐका, कारण उत्तर त्यातच आहे.

सुरुवात आमच्या गांधीबागेतून, कपड्याच्या बाजारातून. आमच्या गल्लीत एका ठोक व्यापारी काकांकडे थान मोजायचं मशीन आहे. कापड रोलरवरून सरकतं आणि किती मीटर झालं ते आकड्यांत दिसतं. २०१७ मध्ये, बीटेक करत असताना, त्या काउंटरचा बोर्ड मी बनवून दिला होता. मागच्या वर्षी त्याचा डिस्प्ले गेला. तसाच डिस्प्ले मिळेना आणि नव्याच्या पिना वेगळ्या. बोर्डात बदल जेमतेम अर्ध्या तासाचा होता. पण मूळ फाइल जुन्या हार्ड डिस्कबरोबर गेलेली, बॅकअप मीच घेतला नव्हता. ईमेलमध्ये सापडल्या त्या फक्त बोर्ड बनवणाऱ्याला पाठवलेल्या गर्बर फाइली. काका म्हणाले, “अबे, तूच बनवलं होतं ना हे? मंग तुलेच कसं जमत नाही?”

का जमत नाही, ते सांगतो.

कॉम्प्युटर येण्याआधी बोर्ड हाताने काढत. पारदर्शक मायलर फिल्मवर काळी चिकटपट्टी लावायची. पट्टी म्हणजे तांब्याचा ट्रॅक, गोल स्टिकर म्हणजे पिनेची जागा. चित्र दुप्पट किंवा चौपट मोठं काढायचं आणि मग कॅमेऱ्याने लहान करायचं. एक ट्रॅक चुकला, तर पट्टी खरवडून पुन्हा लावा. तेव्हा ‘अनडू’ म्हणजे ब्लेड.

या कामात मशीन आणलं जोसेफ गर्बर यांनी. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये आईसोबत अमेरिकेत आला. कॉलेजात असताना त्याने पायजम्याच्या इलॅस्टिकवर खुणा करून एक ताणता येणारी मोजपट्टी बनवली, आणि त्यातूनच पुढे कंपनी उभी राहिली. त्यांच्या फोटोप्लॉटरमध्ये प्रकाशाचा ठिपका फिल्मवर फिरून ट्रॅक काढायचा. त्या मशीनला दिलेल्या सूचना म्हणजे गर्बर फाइल. आजही जगभरातले बोर्ड कारखाने मुख्यतः हाच फॉरमॅट घेतात. आणि मजा बघा, थराच्या थर कापड आपोआप कापणारं मशीनही याच गर्बर यांच्या कंपनीचं. म्हणजे कापड बाजार आणि सर्किट बोर्ड यांचं नातं मी जोडलेलं नाही, ते आधीपासूनच आहे.

पण एक लक्षात घ्या. गर्बर फाइल म्हणजे छापलेलं पान. रेषा कुठून कुठे जाते ते त्यात असतं, पण ती रेषा का जाते ते नसतं. कुठली पिन कुठल्या पिनेला जोडायची, हे ज्ञान मूळ डिझाइन फाइलमध्ये राहतं. म्हणून खरा प्रश्न हा की ती मूळ फाइल कुणाच्या ताब्यात?

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. आधी हे काम महागड्या वर्कस्टेशनवर व्हायचं. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात निक मार्टिन यांनी प्रोटेल सुरू केलं, साध्या पीसीवर डॉसमध्ये चालणारं. त्याच वर्षी अमेरिकेत ओरकॅड निघालं. प्रोटेल १९९१ मध्ये विंडोजवर आलं, २००१ मध्ये कंपनीचं नाव अल्टियम झालं आणि २०२४ मध्ये जपानच्या रेनेसासने ती विकत घेतली. स्कीमॅटिक, लेआउट, थ्रीडी सगळं एका छताखाली. आठ-दहा थरांचे, वेगवान सिग्नलचे बोर्ड करताना अल्टियमचे नियम तुम्हाला चुकूच देत नाहीत. पण वर्षाचा खर्च लाखांत जातो. ऑफिस भरत असेल तर जरूर वापरा.

विद्यार्थ्यांचं लाडकं होतं ईगल. १९८८ मध्ये जर्मनीच्या कॅडसॉफ्टने काढलं. मी शिकलो यावरच. माझ्या वेळच्या फुकट आवृत्तीत दोन थर आणि १०० बाय ८० मिलिमीटरचा बोर्ड, एवढीच मुभा. आम्ही प्रोजेक्टसुद्धा त्या मापात बसेल असाच निवडायचो! कमांड टाइप करून काम झरझर व्हायचं. २०१६ मध्ये ईगल ऑटोडेस्ककडे गेलं आणि २०१७ पासून एकदाच विकत घ्यायचं लायसन जाऊन भाडं सुरू झालं. पुढे सगळं लक्ष फ्यूजनकडे वळलं आणि ईगल बंद करण्याची तारीख जाहीर झाली: ७ जून २०२६.

आणि तिसरं, कीकॅड. १९९२ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबल इथल्या तंत्रसंस्थेत ज्याँ-पिएर शारास यांनी ते लिहायला घेतलं. मोफत आणि खुलं. बरीच वर्षं ते हौशी लोकांचंच समजलं जायचं. मग हिग्ज बोसॉन शोधणारी सर्न प्रयोगशाळा मदतीला आली. वाटेतले ट्रॅक बाजूला ढकलत जाणारा राऊटर सर्नच्या लोकांनी दिला. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून कीकॅड ईगलचे स्कीमॅटिकसकट पूर्ण प्रोजेक्ट उघडू लागलं. हे शक्य झालं, कारण ईगलने सहाव्या आवृत्तीपासून फाइल वाचता येईल अशा मजकुराच्या, एक्सएमएलच्या रूपात ठेवायला सुरुवात केली होती. एका कंपनीचा तो शहाणा निर्णय आज हजारो जुने बोर्ड वाचवतोय.

आपल्या महाराष्ट्राचाही यात हात आहे बरं का. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम बनवलं. त्यात सर्किट काढायला कीकॅड आणि ते चालवून बघायला एनजीस्पाइस. लायसनचे पैसे नसलेल्या कॉलेजांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मग माझं उत्तर काय? शिकत असाल, स्वतःचं काही बनवत असाल, तर कीकॅड. चिन्ह आणि फूटप्रिंट वेगवेगळे जोडावे लागतात याचा सुरुवातीला वैताग येतो, आठवड्यात सवय होते. कंपनीत अल्टियम असेल तर मनापासून शिका. आणि ईगलचे जुने प्रोजेक्ट पडून असतील, तर आजच कीकॅडमध्ये उघडून सेव्ह करा. सहाव्या आवृत्तीच्या आधीच्या फाइली सरळ उघडल्या नाहीत, तर आधी ईगलच्या सहाव्या-सातव्या आवृत्तीत सेव्ह करून घ्या.

काकांच्या बोर्डाचं काय झालं? गर्बर फाइली कीकॅडमध्ये आणल्या. रेषा आल्या, पण पार्टची नावं नाहीत, जोडण्या नाहीत. मग मल्टिमीटर घेऊन एकेक पिन तपासली आणि सगळं सर्किट पुन्हा काढलं. अर्ध्या तासाच्या कामाला तीन रात्री लागल्या.

आता मशीनच्या डब्यात, झाकणाच्या आतून एक पेन ड्राइव्ह चिकटवलाय. त्यात कीकॅडची मूळ फाइल, स्कीमॅटिकची पीडीएफ आणि पार्टची यादी. पुढच्या वेळी डिस्प्ले गेला आणि मी नागपुरात नसलो, तरी दुसरं कुणी पोरगं ते उघडू शकेल. काकांना पेन ड्राइव्हचं कारण सांगितलं, तर म्हणाले, “म्हणजे खातेवही आमच्याचकडे ठेवली म्हण ना.”

हो काका, अगदी तेच. भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या!