हाडवैद्य, कायरोप्रॅक्टर आणि नोंदवही

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी सकाळी लॅपटॉपची बॅग उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. कंबर धरली. पंधरा वर्षं खुर्चीत बसून कोड लिहिल्याचं व्याज म्हणा हवं तर. यवतमाळला आईला फोन केला, तर तिचा पहिला प्रश्न: "पुण्यात एक पायाळू नाई भेटत का रे तुले?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घ्यायची, उसण जाते, असा आपल्याकडे समज आहे. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात असे दोघं जण होते. पऱ्हाटीत कापूस वेचून वाकलेल्या बाया संध्याकाळी त्यांच्या दारात उभ्या असायच्या. फी म्हणजे चहा किंवा फक्त आशीर्वाद.

लाथ खायला मी काही गेलो नाही. ऑफिसातल्या मित्राने एका 'कायरोप्रॅक्टर'चा नंबर दिला. गेलो. कड्कन आवाज झाला, थोडं बरं वाटलं, पैसे भरपूर गेले. निघताना सहज विचारलं, "तुमची नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे असते?" त्यावर ते नुसते हसले. झालं, माझा पुढचा वीकेंड त्या हसण्यामागे गेला.

तर मंडळी, आजचा विषय हाच. पाठीवर हात ठेवणारा माणूस 'डॉक्टर' कधी होतो, 'वैद्य' कधी आणि 'भोंदू' कधी? आणि हे ठरवतं कोण? (मी डॉक्टर नाही. इथे वैद्यकीय सल्ला नाही, इतिहास आहे.)

सुरुवात अमेरिकेतून. आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा गृहस्थ 'मॅग्नेटिक हीलर' म्हणून बसायचा. त्याआधी त्याने किराणा विकला, शोभेचे मासेही विकले. 18 सप्टेंबर 1895 रोजी त्याने हार्वी लिलार्ड या बहिऱ्या झालेल्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि लिलार्डला ऐकू यायला लागलं, अशी ही जन्मकथा आहे. खरी किती हे सोडा. कानाची नस काही त्या मणक्यातून जात नाही. पण पामरने त्यावर सिद्धान्त उभा केला: मणके सरकतात, नसा दाबल्या जातात, आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात. एका पाद्र्याने ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, कायरोप्रॅक्टिक. अर्थ साधा, हाताने केलेलं काम.

इथपर्यंत पामर आणि आमच्या गावचा पायाळू यांच्यात फार फरक नाही. फरक पुढे पडतो. पामरने 1897 साली शाळा काढली.

शाळा निघाली की विद्यार्थी आले, विद्यार्थ्यांनी दुकानं थाटली आणि मग पोलीस आले. 1906 साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल खुद्द पामर तुरुंगात गेला. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये शेगेतारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला झाला. ऑस्टिओपॅथी हीसुद्धा हाडं-सांधे हाताळणारीच विद्या, पण तिला तिथे परवाना होता. मोरिकुबोच्या वकिलाने युक्तिवाद केला की हे ऑस्टिओपॅथी नाहीच, याचं शास्त्र वेगळं, कला वेगळी, तत्त्वज्ञान वेगळं. ज्यूरीने मोरिकुबोला सोडलं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'आम्ही डॉक्टर नाही, आम्ही वेगळे आहोत' ही कायरोप्रॅक्टरांची ओळख प्रयोगशाळेइतकीच कोर्टातही घडली. तो आधी बचाव होता, नंतर बाणा झाला. आणि त्या बाण्यापायी 'मणका सरकला की सगळे रोग' हा सिद्धान्त सोडणं अवघड होऊन बसलं, कारण तो सोडला तर वेगळेपण काय उरणार? कायरोप्रॅक्टरांमध्ये तेव्हापासून दोन गट आहेत. एक मूळ सिद्धान्ताला चिकटलेला, दुसरा 'आम्ही पाठदुखी-मानदुखीचे जाणकार, बाकी डॉक्टरांकडे जा' म्हणणारा. भांडण अजून मिटलेलं नाही.

परवाने मात्र मिळत गेले. पहिला कायदा 1913 साली कॅन्ससमध्ये झाला, शेवटचा 1974 साली लुइझियानात. मधल्या काळात, 1963 साली, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने भोंदूगिरीविरोधी समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसू दिलं नाही. चेस्टर विल्क आणि इतरांनी 1976 साली दावा लावला. 1987 साली न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला की असोसिएशनने बेकायदा बहिष्कार टाकला. गंमत म्हणजे हा निकाल व्यापारी स्पर्धेच्या कायद्याखाली होता. कायरोप्रॅक्टिकचं शास्त्र बरोबर आहे असं कोर्टाने म्हटलंच नाही. पण बाजारात हा निकाल प्रमाणपत्रासारखा फिरला.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ.

आमच्या भागात हाडवैद्य होते. पायाळू वेगळा आणि हाडवैद्य वेगळा, बरं का. पायाळूपण जन्माने येतं, हाडवैदकी बापाकडून मुलाकडे येते. आमच्या आबाजींचा खांदा एकदा बंडीवरून पडून निखळला. गावोगाव ज्यांचं नाव होतं ते बुवा आले, काखेत टाच रोवली, हात ओढला, खट्ट! दोन मिनिटांत आबाजी उठून बसले. मरेपर्यंत ते हा किस्सा सांगत. 'डागदरानं महिनाभर झोपवलं असतं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्याच बुवांकडे 1967 साली माझ्या काकाजींना नेलं. वय 9 वर्षं, निंबावरून पडून कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. बुवांनी बांबूच्या कमच्या लावून करकचून बांधलं. रात्रभर पोरगं रडलं. बोटं काळीनिळी पडली. आजीने विचारलं, तर बुवा म्हणाले, "हाड जुळून रायलं, दुखनारच." तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. प्रत्यक्षात आतले स्नायू मेले होते. बोटं आत वळली ती कायमची. या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, फोल्कमनचं आकुंचन. रिचर्ड फोन फोल्कमन या जर्मन सर्जनने 1881 साली त्याचं वर्णन करून ठेवलंय. लहान मुलाचं कोपराजवळचं हाड आणि घट्ट बांधणी हे त्याचं नेहमीचं कारण.

आणि खरं वाईट पुढे आहे. घट्ट बांधू नका हे आपल्याकडेही लिहिलेलं होतं! सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर वेगळा अध्याय आहे. बांबूसारख्या झाडांच्या कमच्या कशा लावाव्यात, सैल बांधलं तर सांधा कसा स्थिर राहत नाही आणि घट्ट बांधलं तर सूज, वेदना आणि पू कसा होतो, हे सगळं त्यात आहे. बुवांनी सुश्रुत वाचला नव्हता. त्यांचं ज्ञान तोंडी होतं, आणि तोंडी ज्ञानात 'कसं करायचं' टिकतं, 'कधी बिघडतं' गळून पडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम चालत होता, पण लॉग कुणी लिहीत नव्हतं. आबाजींचा बसलेला खांदा दारव्ह्याच्या बाजारात चाळीस वर्षं फिरला. काकाजींचा वाकडा हात घरातच राहिला. मग बुवांचं नाव वाढणार नाही तर काय होणार?

यात बुवांना खलनायक करायचं नाही. यवतमाळचं सरकारी इस्पितळ आमच्याकडून 40 किलोमीटरवर. वाहन म्हणजे शकुंतला रेल्वे, जी आज बंद आहे, नाहीतर एसटी. यवतमाळला मेडिकल कॉलेज झालं 1989 साली. त्याआधी एक्स-रे काढणं म्हणजे मजुरी बुडवून जायचं. बुवा दारात होते आणि पैसे मागत नव्हते. पण त्यांना विचारणारं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

कायदा काय करत होता? मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा 1938 साली आला. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, तिथे असाच कायदा 1947 साली झाला. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने सगळं एका छताखाली आलं. ज्या विद्येला ग्रंथ, कॉलेज आणि परीक्षा होती तिला रजिस्टर मिळालं. हाडवैद्याकडे यातलं काहीच नव्हतं. तो रजिस्टरच्या बाहेर राहिला, पण धंदा बंद झाला नाही. म्हणजे कागदावर नाही आणि गावात आहे.

याउलट एक उदाहरण मुंबईचं आहे. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून इथे आली आणि कमला निंबकर झाली. तिने 1950 साली केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. त्याच सुमारास केईएममध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पोलिओने पोरं लुळी पडत होती, गरज डोळ्यासमोर होती. इथे क्रम बघा: आधी इस्पितळ, मग शाळा आणि डॉक्टरांच्या शेजारी बसून शिक्षण. 'आम्ही वेगळे' म्हणायची गरज पडली नाही. तरीही राज्याची परिषद स्थापणारा कायदा 2002 चा आणि देशपातळीवरचा आयोगाचा कायदा 2021 चा. शाळेपासून रजिस्टरपर्यंत अर्धं शतक!

कायरोप्रॅक्टिकला भारतात अजून स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली त्याच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पूर्ण शिक्षणासाठी किमान 4200 तास सांगितले. पण आपल्याकडे ते तास मोजणार कोण? म्हणून तर ते गृहस्थ नुसते हसले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्यवसायांची यादी आहे, 2008 ची. प्रत्येक धंद्याला कोड. आमच्या डेटाबेसवाल्यांना अशा याद्या फार आवडतात :) फिजिओथेरपिस्ट 2264. हाडवैद्यही आहे त्यात, 3230 मध्ये, सहायक दर्जाच्या पारंपरिक उपचारकांत. आणि कायरोप्रॅक्टर? 2269, म्हणजे 'इतरत्र वर्गीकरण न झालेले'. सव्वाशे वर्षं भांडून हाती आला तो 'इतर' हा रकाना. पण रकाना 2 ने सुरू होतो, हाडवैद्याचा 3 ने. एका आकड्याचा हा फरक अंगठ्याच्या कौशल्याचा नाही. तो शाळा काढण्याचा, खटले लढण्याचा आणि कागद जमवण्याचा आहे.

मग मणका दाबल्याने बरं वाटतं का? 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. जगात 2020 साली 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, असा त्यांचा आकडा. व्यायाम, माहिती, मसाज यांच्या जोडीने मणक्यावरचे हस्तोपचारही त्यात आहेत, पण सशर्त शिफारस म्हणून. कमरेचे पट्टे नेहमीसाठी नकोत असंही म्हटलंय. म्हणजे कंबरेपुरता पामरचा हात थोडाफार बरोबर होता, सिद्धान्त चुकीचा होता.

आता माझं मत. रजिस्टरमध्ये नाव आलं म्हणजे विद्या खरी ठरली असं नाही. परवाना मिळूनही पामरचा सिद्धान्त कित्येक दशकं शिकवला गेलाच की. रजिस्टरचा उपयोग वेगळा आहे. बिघडलं तर दार कुठलं ठोठवायचं हे त्यातून कळतं, आणि बिघडलेल्यांची मोजदाद कुठेतरी व्हायची शक्यता तयार होते. काकाजींच्या वेळी आजीला ठोठवायला दारच नव्हतं. आज पुण्यात चकचकीत क्लिनिकमध्ये हजारो रुपये भरून मीही तिथेच उभा आहे, फक्त एसी आहे.

माझी कंबर आता बरी आहे. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी पाच व्यायाम शिकवले, रोज करतो. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बापा. पन त्या बाईले विचार, आपल्या गावात येते का म्हना. वेचनीवाल्या बायाइचं कोन पाह्यते?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. काकाजी अजून गावात आहेत, डाव्या हाताने सगळं करतात. सहीसुद्धा.