दोन डब्यांमधील हात

अमेरिकेंतील यूटा प्रांतांत प्रॉमंटरी नांवाचें एक ठिकाण आहे. १० मे १८६९ रोजीं पूर्वेकडून व पश्चिमेकडून येणारे दोन लोहमार्ग तेथें एकमेकांस मिळाले, सोन्याची खीळ ठोकण्याचा समारंभ झाला, आणि खंडाचीं दोन टोकें आगगाडीनें जोडलीं गेलीं. प्रॉमंटरीचें नांव जगास ठाऊक आहे तें या समारंभामुळें. त्याच स्थानकावर ५ ऑगस्ट १९०० रोजीं जॉन्सन नांवाच्या एका ब्रेकमनाचा हात गेला. बाजूच्या रुळावर उभा असलेला भोजनाचा डबा इंजिनास जोडण्याचें काम त्यास सांगण्यांत आलें होतें. इंजिनाचें कप्लिंग एका जातीचें, डब्याचें दुसऱ्या जातीचें. दोन्हीं स्वयंचलित, दोन्हीं आपापल्या परीनें चांगलीं. परंतु एकमेकांशीं त्यांचें जमत नव्हतें. तेव्हां जॉन्सन कडी व खीळ घेऊन इंजिन आणि डबा यांच्या मध्यें शिरला. कांहीं प्रयत्न फसले, आणि अखेर त्याचा हात सांपडून चिरडला. मनगटाच्या वर तो कापावा लागला.

लहान आगगाड्यांच्या प्रतिकृति बाळगणाऱ्या छांदिष्टांत आज एक वाद अखंड चालू असतो. इंजिनाचें कप्लिंग कोणत्या जातीचें असावें, कारखान्यानें बसविलेलें काढून टाकून दुसरें कोणतें बसवावें, हा तो वाद. बाहेरच्या मनुष्यास तो पोरकट वाटतो. परंतु प्रॉमंटरीच्या रुळावर जो प्रश्न एका मनुष्याच्या हातावर बेतला, तोच प्रश्न येथें करंगळीच्या नखाएवढ्या आकारांत पुन्हां उभा राहतो. कप्लिंगाचा गुण त्याच्या एकट्याच्या अंगीं नसतो; समोरच्या डब्यास काय लावलें आहे त्यावर तो ठरतो.

अमेरिकेंतील आरंभींची पद्धत कडी आणि खिळीची होती. एका डब्याच्या टोकाशीं असलेल्या खोबणींत लोखंडाची लांबट कडी घालावयाची, वरून खीळ सोडावयाची, आणि समोरचा डबा जवळ आला म्हणजे हातानें कडी उचलून त्याच्या खोबणींत नेमकी धरावयाची. डबा हळू आला तर ठीक. जोरानें आला तर बोटें गेलीं. नोकरी मागावयास आलेल्या ब्रेकमनाचा अनुभव त्याच्या उरलेल्या बोटांवरून ओळखीत, असें त्या काळीं सांगत असत. या गोष्टींत विनोदाचा भाग कमी व सत्याचा अधिक असावा.

या धोक्यावर उपाय सुचला तो व्हर्जिनियांतील अलेक्झांड्रिया गांवीं कापडदुकानांत कारकुनी करणाऱ्या ईलाय जॅनी या गृहस्थास. यादवी युद्धांत तो दक्षिणेच्या बाजूनें लढला होता. यंत्रशास्त्राचें शिक्षण त्यास नव्हतें. दोन हातांचीं बोटें आंत वळवून एकमेकांत अडकवावीं, तशी त्याच्या कप्लिंगाची रचना होती. डबे एकमेकांवर हलकेच आदळले कीं, दोन्हीं मुठी आपोआप मिटत व आंतून अडसर पडे. सोडवितांना बाजूचा दांडा उचलला कीं पुरे. २९ एप्रिल १८७३ रोजीं त्यास याचें पेटंट मिळालें. संक्रमणाच्या काळांत जुन्या डब्यांशींहि संबंध रहावा म्हणून अशा मुठींत एक खांच व भोंक ठेवीत, म्हणजे गरज पडल्यास कडी व खीळ वापरतां येई. जुन्याशीं तडजोड करणारी ही खांच मुठीस दुबळी करी. पण तिच्यावांचून नवें कप्लिंग प्रचारांत आलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे.

शोध लागला तरी तो लोहमार्गांवर लागू होण्यास वीस वर्षें गेलीं. शेंकडों शोधकांनीं शेंकडों कप्लिंगांचीं पेटंटें घेतलेलीं, कंपन्यांस खर्च नको, आणि एका कंपनीनें बदल केला तरी शेजारच्या कंपनीचे डबे तिच्या मार्गावर येणारच. आयोवा प्रांतांतील लोरेन्झो कॉफिन या शेतकऱ्यानें ब्रेकमनांच्या बाजूनें वर्षानुवर्षें सभा व पत्रव्यवहार यांचा भडिमार चालविला. १८८९ च्या डिसेंबरांत अध्यक्ष हॅरिसन यांनीं काँग्रेसला पाठविलेल्या संदेशांत, या कामगारांच्या जिवास असलेला धोका रणांगणावरील शिपायाच्या धोक्याएवढा आहे, असें बजावलें. अखेर २ मार्च १८९३ रोजीं कायदा झाला. मनुष्यास डब्यांच्या मध्यें जावें न लागतां आघातानें आपोआप जुळेल असें कप्लिंग प्रत्येक डब्यास असलें पाहिजे, असा त्याचा आशय होता. कंपन्यांनीं मुदत वाढवून घेतली. ती १ ऑगस्ट १९०० रोजीं संपली. जॉन्सनचा हात गेला तो त्यानंतर चौथ्या दिवशीं.

कंपनीचा बचाव असा कीं, कायद्यांत "डबा" म्हटलें आहे, इंजिन म्हटलेलें नाहीं; शिवाय दोन्हीं वाहनांस स्वयंचलित कप्लिंग होतें, तीं एकमेकांशीं जुळलीं पाहिजेत असें कायदा कोठें म्हणतो? खालच्या न्यायालयांस हें पटलें. १९ डिसेंबर १९०४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें फिरविलें. इंजिनहि कायद्याच्या कक्षेंत येतें, आणि समोरच्याशीं जुळत नाहीं तें कप्लिंग असून नसल्यासारखें, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. निकाल एका शब्दाच्या अर्थावर लागला खरा, पण त्यानें कप्लिंगाचें खरें लक्षण कायमचें ठरवून टाकलें.

आपल्याकडील ब्रॉडगेज मार्गांवर ब्रिटिश वळणाची स्क्रू-कप्लिंगें व बाजूचे बफर दीर्घकाळ प्रचारांत होते, आणि तीं जोडण्यास मनुष्य मध्यें उतरत असे. मुठीचें मध्यवर्ती कप्लिंग प्रवासी गाड्यांस सर्रास लागूं लागलें तें एकविसाव्या शतकांत.

आतां लहान गाड्यांकडे वळावयाचें. जर्मनींतील मॅर्कलीन कंपनीनें १८९१ सालीं ठराविक मापाच्या रुळांवरील खेळण्यांच्या गाड्या बाजारांत मांडल्या, तेव्हांपासून या खेळास शिस्त आली. परंतु ती रुळांपुरती. कप्लिंगाच्या बाबतींत प्रत्येक कारखानदार स्वतंत्र राजा होता. कोणी आंकडा व फांस वापरी, कोणी नुसता आंकडा, कोणी शोभेची न हलणारी मूठ. यांत व्यापारी हिशेबहि होता: ज्याचें इंजिन घेतलें त्याचेच डबे घ्यावे लागत. अमेरिकेंतील लायनेल कंपनीनें १९४५ सालीं खऱ्यासारखी मिटणारी मूठ आपल्या मोठ्या गाड्यांस बसविली; पण तीहि तिच्या घरापुरतीच.

खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशींव्या हिश्शाची जी "एचओ" प्रतिकृति, तिचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्यानें झाला, आणि बेबनाव असह्य होऊं लागला. १९३५ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या पुढाकारानें १९५० च्या दशकांत एका सामायिक कप्लिंगाचा आराखडा तयार झाला. एक्स-टू-एफ हें त्याचें सांकेतिक नांव. छांदिष्ट त्यास "शिंगाचें कप्लिंग" म्हणत. तें खऱ्या कोणत्याहि कप्लिंगासारखें दिसत नसे. जोडतांना ठीक चाले. परंतु त्याचा सारा दाब बाजूस असल्यामुळें गाडी मागें ढकलली कीं हलके डबे रुळावरून उतरत. असोसिएशननें त्यास अधिकृत प्रमाण म्हणून कधींच मान्यता दिली नाहीं. तरी कारखानदारांनीं तें उचललें, कारण त्यावर कोणाचें पेटंट नव्हतें व तें प्लॅस्टिकमध्यें स्वस्तांत ओततां येई. जवळजवळ चाळीस वर्षें अमेरिकन एचओ गाड्यांच्या पेट्यांतून हेंच कप्लिंग बाहेर पडत राहिलें. फुकट मिळणारी वाईट वस्तु विकतच्या चांगल्या वस्तूस किती काळ थोपवून धरूं शकते, याचें याहून सोपें उदाहरण सांपडणें कठीण.

चांगली वस्तु त्याच काळांत उपलब्ध होती. ऑरेगन प्रांतांतील कीथ व डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनीं १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धांत जॅनीच्या मुठीची चालती प्रतिकृति तयार केली, आणि आपल्या नांवांच्या आद्याक्षरांवरून तिला "केडी" हें नांव दिलें. प्रारंभीं ती सोडविण्यास रुळांच्या मध्यें एक उंचवटा लागे. सुमारें १९६० पासून त्याची जागा लोहचुंबकानें घेतली. मुठीखालीं पोलादाची एक बारीक वांकडी तार लोंबते. दिसण्यांत ती हवेच्या ब्रेकच्या नळीसारखी. गाडी चुंबकावर थांबवून किंचित मागें सरकविली कीं ताण सुटतो, दोन तारा दोन बाजूंस ओढल्या जातात, आणि मुठी उघडतात. खरी करामत पुढची. उघडलेल्या स्थितींत डबा ढकलीत नेला तर मुठी पुन्हां मिटत नाहींत. डबा हव्या त्या जागीं सोडून इंजिन मोकळें परत येतें. टेबलाशीं बसलेल्या खेळाडूचा हात गाडीस लागत नाहीं. खऱ्या लोहमार्गावर डब्यांच्या मध्यें हात जाऊं नये म्हणून जी धडपड झाली तिच्यामागें जीव होता, येथें केवळ भास आहे. तरी आकाशांतून राक्षसासारखा हात उतरून डबे उचलूं लागला कीं सारा भास विरतो, हें या खेळाचें दुःख खरेंच होतें.

मात्र केडीचा सांधा पेटंटानें बांधलेला, महाग, आणि पेटींतून आलेल्या गाडीवर नसलेला. तेव्हां ज्यास तो हवा त्यानें स्वतः बदलावा, हाच मार्ग. येथें कायदा नव्हता, न्यायालय नव्हतें. एकेका छांदिष्टानें स्क्रूड्रायव्हर हातीं घेऊन आपल्या पुरता निर्णय करावयाचा. पांच-पन्नास डबे जमा झालेल्या मनुष्यास हा निर्णय साधा नसे. कांहींजण दर महिन्यास दोन-चार डबे पालटीत, आणि तोंवर एका टोकास शिंगाचें व दुसऱ्या टोकास मुठीचें कप्लिंग लावलेली एक वाघीण मध्यस्थ म्हणून बाळगीत. जॅनीच्या मुठींतील खांचेचीच ही वेगळी आवृत्ति.

डब्याचें काम सोपें, इंजिनाचें अवघड. डब्याखालील पेटीचें झांकण काढलें, जुनें कप्लिंग व त्याची पट्टी उचलली, नवें त्याच्या स्प्रिंगसह ठेवलें कीं झालें. इंजिनाच्या पुढच्या टोकास पेटीस जागाच नसते. वाफेच्या इंजिनास तेथें जाळीदार नांगर असतो, त्यास कापून खोबण करावी लागते. लांब इंजिन आंखूड त्रिज्येच्या वळणावर गेलें कीं त्याचें टोंक रुळाबाहेर झुकतें, आणि आंखूड दांड्याचें कप्लिंग शेजारच्या डब्यास ओढून पाडतें; म्हणून तेथें लांब दांड्याचें निवडावें लागतें. उलट लांब दांडा सर्वत्र लावला तर डब्यांमध्यें विशोभित अंतर पडतें. विजेचा धोका वेगळाच. एका रुळांतून वीज येते, दुसऱ्यांतून परतते. पितळी इंजिनाचा सांगाडा एका रुळाशीं व मागच्या टेंडरचा दुसऱ्या रुळाशीं जोडलेला असे. अशीं दोन इंजिनें धातूच्या कप्लिंगानें एकामागें एक जोडलीं कीं शॉर्ट सर्किट. यावर उपाय म्हणजे कप्लिंग प्लॅस्टिकच्या पेटींत बसवून सांगाड्यापासून अलग ठेवणें. हा धडा अनेकांनीं धूर पाहून घेतला.

सर्वांहून महत्त्वाची उंची. खऱ्या अमेरिकन डब्यास कप्लिंगाच्या मध्याची उंची रुळाच्या माथ्यापासून अधिकांत अधिक साडेचौतीस इंच व कमींत कमी साडेएकतीस इंच असावी लागते. एचओ मापांत ती एका इंचाचे चौसष्टांश पंचवीस भाग, म्हणजे दहा मिलिमीटरांस किंचित कमी. त्यासाठीं रुळावर ठेवावयाचें एक मापयंत्र मिळतें. अनुभवी माणसें नवें इंजिन घरीं आल्याबरोबर प्रथम या मापास लावतात, मग चालवून पाहतात. केसाएवढा फरक सपाट रुळावर कळत नाहीं. पण चढावावर लांब गाडी ओढतांना एक मूठ दुसरीवरून निसटते, आणि मागचे डबे उतारावरून एकटेच निघतात.

युरोपांत निराळी वाट निघाली. तेथें कप्लिंग एक न करतां तें बसविण्याचा खण एक केला. ठराविक मापाच्या या खणांत, ज्यास एनईएम ३६२ म्हणतात, आंकडा, फांस वा मूठ, हवें तें कप्लिंग नुसतें दाबून बसवितां येतें. एकमत होत नसेल तेथें मतभेदाची सोय करून ठेवणें, हा शहाणपणा अमेरिकन पद्धतीहून कमी दर्जाचा म्हणतां येत नाहीं.

अमेरिकेंत १९९० च्या दशकांत केडीच्या पेटंटाची मुदत संपली, आणि पाहतां पाहतां इतर कारखानदारांनीं त्याच मुठीच्या नकला काढल्या. थोड्याच वर्षांत शिंगाचें कप्लिंग नव्या पेट्यांतून नाहींसें झालें. मात्र अदलाबदलीचें काम संपलें नाहीं. नकलांपैकीं कांहींत धातूच्या स्प्रिंगऐवजीं प्लॅस्टिकची पट्टी असते. ती कालांतरानें थकते व मूठ ओढाखालीं उघडते. म्हणून डबे तसेच ठेवले तरी इंजिनाचें कप्लिंग तेवढें धातूचें करावें, असा पुष्कळांचा रिवाज पडला आहे, आणि तो सयुक्तिक आहे. साऱ्या गाडीचा ओढ त्या एका सांध्यावर येतो.

चुंबकाचा मात्र पुष्कळांस कंटाळा आला. पोलादी आंसाचे डबे त्यावरून जातांना आपोआप सरकत, नको तेथें गाडी तुटे, लोंबती तार सांध्यांत अडके. म्हणून आज कित्येक खेळाडू ती तार कापून टाकतात आणि बांबूची एक टोंकदार बारीक काडी जवळ ठेवतात. गाडी थांबली कीं काडीचें टोंक दोन मुठींच्या फटींत घालून हलकेंच फिरवावयाचें, मुठी सुटतात. खऱ्या गाडीच्या बाजूस उभें राहून दांडा उचलणारा ब्रेकमन जेथें उभा असतो, साधारण त्याच जागीं, डब्यांच्या बाहेर, तेव्हां त्यांचा हात असतो.